कपडे वाळण्याचे हवामानशास्त्र

पावसाळा सुरू झाला की कोकणपट्टीतील घराघरांत एक जुनी तक्रार नव्याने ऐकू येऊ लागते. दोन दिवस दोरीवर लटकूनही कपडे वाळत नाहीत. वाळल्यासारखे वाटले तरी हाताला गार लागतात आणि घडी करून कपाटात ठेवले की कुबट वास सुटतो. ऊन नाही म्हणून कपडे वाळत नाहीत, हे त्यावरचे सर्वमान्य स्पष्टीकरण. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. रात्री उन्हाचा मागमूस नसताना उन्हाळ्यात विदर्भात गच्चीवर टाकलेले धोतर पहाटेपर्यंत खडखडीत वाळते आणि पुण्यात हिवाळ्याच्या दिवसांत घरातल्या सावलीतही सदरे सहज वाळतात.

तापमान हेही पूर्ण उत्तर नव्हे. जुलै महिन्यात मुंबईत दुपारचे तापमान २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जानेवारीत पुण्यात दुपारी पारा साधारण तेवढाच चढतो. दोन्ही ठिकाणी हवा सारखीच उष्ण. तरीही सावलीत टांगलेला ओला कपडा एकीकडे झपाट्याने वाळतो आणि दुसरीकडे तासन् तास ओला राहतो. या फरकाचे मूळ हवेच्या उष्णतेत नसून हवेत आणखी किती बाष्प मावू शकते यात आहे.

ओल्या कपड्यातील पाण्याचे रेणू सतत हालचाल करीत असतात. त्यांतील अधिक ऊर्जा असलेले रेणू पृष्ठभाग सोडून हवेत निसटतात. याच वेळी हवेतील बाष्पाचे काही रेणू पुन्हा कपड्यावर येऊन चिकटतात. जाणारे अधिक आणि येणारे कमी असतील तर कपडा वाळतो. दोन्हींची संख्या सारखी झाली की हवा संपृक्त झाली असे म्हणतात आणि वाळणे थांबते. संपृक्त होण्यासाठी किती बाष्प लागेल हे तापमानावर अवलंबून असते. २० अंशांना एक घनमीटर जागेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम. म्हणजे दर दहा अंशांमागे ही क्षमता साधारण पावणेदोन पटीने वाढते. प्रत्यक्ष हवेत असलेले बाष्प या क्षमतेच्या किती टक्के आहे, ते सांगणारी संख्या म्हणजे सापेक्ष आर्द्रता. वृत्तपत्रांतील हवामानाच्या चौकटीत तापमानाशेजारी छापली जाते ती हीच.

बाष्पीभवनाचा वेग हा ओल्या पृष्ठभागालगतच्या आणि त्यापलीकडच्या मोकळ्या हवेतील बाष्पदाबाच्या फरकावर अवलंबून असतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने १८०२ साली मांडले. अणुसिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेला हा गृहस्थ आयुष्यभर हवामानाच्या नोंदी ठेवीत असे. धरणांच्या जलाशयांतून उडून जाणाऱ्या पाण्याचा अंदाज आजही मुळात याच विचारावर बांधला जातो. जायकवाडीसारख्या विस्तीर्ण आणि उथळ जलाशयाला उन्हाळ्यात बाष्पीभवनाचा मोठा फटका बसतो त्याचे आणि दोरीवरची चादर वाळण्याचे शास्त्र एकच आहे.

मात्र डाल्टनचा नियम कपड्याला लावताना एक गोष्ट विसरून चालत नाही. पाण्याचे बाष्प होताना उष्णता खर्च होते आणि ती मुख्यतः कपड्यातूनच घेतली जाते. एक किलो पाण्याचे बाष्प करण्यासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबाने जवळजवळ पाऊण युनिट ऊर्जा लागते. जोसेफ ब्लॅक याने १७६०च्या दशकात ज्या अप्रकट उष्म्याची कल्पना मांडली तो हाच. परिणामी सावलीत वाळत असलेला कपडा भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहतो. दोरीवरच्या कपड्याला हात लावून तो वाळला की नाही हे पाहिले जाते, तेव्हा हाताला प्रत्यक्षात जाणवतो तो हा गारवा, ओलेपणा नव्हे. त्वचेला ओलेपणा ओळखणारे स्वतंत्र ज्ञानेंद्रिय नाही.

कपडा किती थंड होईल, याचे मोजमाप वेधशाळा रोजच करीत असते. पायांवर उभी असलेली, झडपांच्या फळ्यांची पांढरी लाकडी पेटी वेधशाळेच्या आवारात दिसते. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे हे वडील. या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. एक साधा, कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली असते आणि तिचे टोक पाण्यात बुडवून ती सतत ओली ठेवलेली असते. म्हणजेच, सावलीत वाळत घातलेला एक छोटासा ओला कपडा वेधशाळेने तापमापकाला बांधून ठेवलेला असतो. या दोन तापमापकांतील फरकावरून कोष्टकाच्या साहाय्याने आर्द्रता काढतात. पण कपडे वाळण्यापुरते पाहायचे तर कोष्टकाचीही गरज नाही. वारा सारखा असेल तर सावलीतील कपड्याचा वाळण्याचा वेग या दोन आकड्यांतील फरकाच्या प्रमाणात असतो, कारण तेवढ्याच प्रमाणात भोवतालची हवा कपड्याला उष्णता पुरवू शकते.

आता मुंबई आणि पुण्याचे कोडे सुटते. जुलैमध्ये मुंबईत साडेएकोणतीस अंश तापमान आणि ८२ टक्के आर्द्रता धरली, तर ओला तापमापक सुमारे २७ अंश दाखवतो. फरक अवघा अडीच अंशांचा. जानेवारीतील पुण्याच्या दुपारी तापमान ३० अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर ओला तापमापक १८ अंशांपर्यंत उतरतो; फरक बारा अंशांचा. उष्णता जवळपास तीच, पण वाळण्याचा वेग साडेचार-पाच पट. मे महिन्यातील नागपूरचा हिशेब आणखी नेत्रदीपक आहे. पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असताना ओला तापमापक २२ अंशांच्या आसपास असतो. फरक एकवीस अंशांचा, म्हणजे मुंबईतील पावसाळ्याच्या आठपट. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात, ढग घरात शिरतात तेव्हा, दोन्ही तापमापक जवळपास एकाच आकड्यावर येऊन थांबतात. तेथे बंद घरातील दोरीवर कपडा वाळण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

नागपूरकरांच्या कूलरचे रहस्यही या एकवीस अंशांतच दडलेले आहे. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून किंवा कूलरच्या ओल्या जाळीतून जाणारी गरम हवा पाणी उडवते आणि त्या बदल्यात स्वतः थंड होते. मुंबईत तोच कूलर आणला तर तो खोली थंड करण्याऐवजी दमट करतो. घामाने भिजलेली त्वचा हाही अखेर एक ओला पृष्ठभागच आहे. ओल्या तापमापकाचा आकडा ३५ अंशांवर गेला तर निरोगी माणसाच्या शरीरालाही घामावाटे उष्णता बाहेर टाकता येणार नाही, ही सैद्धान्तिक मर्यादा २०१० साली स्टीव्हन शेरवुड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी मांडली. २०२२ साली अमेरिकेत तरुण स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत प्रत्यक्ष धोका त्याहून बऱ्याच खालच्या आकड्यांपासून सुरू होत असल्याचे आढळले. मे महिन्यात किनाऱ्यावर ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असते, तेव्हा ओला तापमापक २९ अंशांवर असतो. ४३ अंशांनी होरपळणाऱ्या नागपूरपेक्षा सात अंशांनी वर. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने दहाहून अधिक लोकांचा मृत्यू झाला, त्या दिवशी परिसरातील तापमान चाळीस अंशांच्या खालीच नोंदले गेले होते. ज्या दिवशी सावलीत कपडे वाळत नाहीत, त्या दिवशी घामही वाळत नाही. केवळ कमाल तापमानावर नजर ठेवणाऱ्याला हा धोका दिसत नाही.

वृत्तपत्रातील आर्द्रतेचा आकडा वाचताना मात्र थोडी सावधगिरी हवी. भारतीय हवामान विभागाच्या नोंदी प्रामुख्याने सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच वाजताच्या असतात. डिसेंबरातील मुंबईत पहाटे २० अंश तापमानाला आर्द्रता ८८ टक्के असू शकते. तीच हवा, तेवढेच बाष्प घेऊन, दुपारी ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ४३ टक्क्यांवर येते. हवेतील पाणी एका थेंबानेही कमी झालेले नसते. वाढलेली असते ती हवेची क्षमता. सकाळचा ८८चा आकडा पाहून हवा दमट असल्याचा समज करून घेणारी गृहिणी त्या दिवशी दुपारच्या उत्तम वाळवणीला मुकते. जुलैत याच्या उलट घडते. दिवस आणि रात्रीच्या तापमानात जेमतेम चार-पाच अंशांचे अंतर असल्याने दुपारीही आर्द्रता फारशी उतरत नाही.

वाऱ्याचे काम निराळे आहे. ओल्या कपड्याला लागून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. कपड्यातून सुटलेले बाष्प आधी या थरात साठते आणि तेथून हळूहळू बाहेर पसरते. वारा हा थर पातळ करतो, दमट हवा हटवून ताजी हवा आणतो आणि तिच्याबरोबर कपड्याला उष्णताही मिळते. त्यामुळे निश्चल हवेतून मंद झुळकीकडे गेल्यावर जो फायदा होतो, तो झुळकीकडून सोसाट्याच्या वाऱ्याकडे गेल्यावर होत नाही. घरातील छताचा पंखा मध्यम गतीवर लावला तरी पुष्कळसे काम होते, त्याचे कारण हेच. समुद्रावरून येणारा वारा दमट असतो म्हणून त्याला दोष दिला जातो. तरीही वाऱ्याकडे तोंड असलेल्या गॅलरीतील कपडे आतल्या चौकात खुलणाऱ्या गॅलरीतील कपड्यांपेक्षा लवकर वाळतात. मुंबईतील नव्या गगनचुंबी इमारतींत कपडे वाळवण्यासाठी बहुधा दोन इमारतींमधली चिंचोळी पोकळी पाहणारी एक अरुंद ‘ड्राय बाल्कनी’ वाट्याला येते. तिच्यात ऊन नसते आणि वाराही नसतो. नाव मात्र ‘ड्राय’.

महालक्ष्मीचा १८९० साली बांधलेला धोबीघाट पाहणाऱ्यांचे लक्ष दगडी हौदांकडे जाते, पण वाळवणीच्या दोऱ्याही पाहण्यासारख्या आहेत. दोन दोऱ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि त्या पिळात कपड्याचे टोक अडकवले की चिमट्याची गरज उरत नाही. यात चिमट्यांचा खर्च वाचतो एवढेच नव्हे, तर कपडा दोरीवरून दुमडला न जाता एकेरी लटकतो आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळते. घरात नेमके उलट होते. जागेच्या टंचाईमुळे चादर चौपदरी दुमडून टाकली जाते आणि मग आतल्या दोन पदरांमध्ये कोंडलेली हवा काही मिनिटांत संपृक्त होऊन बसते. चाळीतल्या खोल्यांत छताला टांगलेल्या दांडीवर काठीने लांबवर पसरलेले नऊवारी लुगडे याहून शास्त्रशुद्ध म्हणावे लागेल; खोलीतली सर्वांत उष्ण हवाही छतालगतच असते.

उन्हाचे महत्त्व येथवर मुद्दाम बाजूला ठेवले, कारण ऊन हा हवेचा गुण नाही. तो थेट कपड्याला मिळणारा उष्णतेचा स्वतंत्र पुरवठा आहे. निरभ्र दुपारी उन्हाला काटकोनात असलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ९०० वॅट ऊर्जा पडते. त्यातील निम्मी जरी पाण्याची वाफ करण्यास लागली तरी तासाभरात साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास पाणी उडते. पावसाळी हवेत सावलीतील कपड्याला भोवतालची हवा जेवढी उष्णता देते, तिच्या हे कित्येक पट आहे. शिवाय ऊन कपड्याला हवेपेक्षा गरम करते, आणि मग हवा ८२ टक्के भरलेली असली तरी फारसे बिघडत नाही. कारण कपडा पाच-सहा अंशांनी तापला की त्याच्या पृष्ठभागावरील बाष्पदाब हवेतील बाष्पदाबाच्या खूप वर जातो. म्हणूनच कोरड्या हवेच्या प्रदेशात ऊन ही चैन ठरते, तर दमट प्रदेशात ती निकड असते. श्रावणातल्या अर्ध्या तासाच्या उघडिपीसाठी कोकणातल्या बायका हातचे काम टाकून कपडे अंगणात नेतात, त्यामागचे गणित पक्के आहे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आकाश ढगाळ असले तरी ढगांतून झिरपणारा प्रकाश चौरस मीटरमागे शंभर-दोनशे वॅट ऊर्जा देऊ शकतो. त्यामुळे पाऊस थांबलेला असेल तर ढगाळ दिवशीही मोकळी गच्ची बंद खोलीपेक्षा सरस.

मोकळ्या आकाशाचा हाच गुण रात्री अंगावर येतो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री गच्चीवर राहिलेला कपडा आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. त्याचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की क्रिया उलटी फिरते आणि संध्याकाळी वाळलेला कपडा सकाळी दवाने ओला होतो. हिवाळ्यात कपडे दिवेलागणीपूर्वी काढावेत, हा घरातील वडीलधाऱ्या बायकांचा दंडक त्यामुळेच. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो पाळण्याची गरज पडत नाही. तेथील हवा इतकी कोरडी असते की दवबिंदू रात्रीच्या तापमानाच्याही बराच खाली राहतो.

थंडी म्हणजे वाळवणीची शत्रू, हा समजही सरसकट खरा नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात बाहेर टांगलेले कपडे गोठून पुठ्ठ्यासारखे ताठ होतात आणि तरीही वाळतात, कारण कोरड्या हवेत बर्फाचे पाणी न होता थेट बाष्प होते. हे काम फार सावकाश चालते, एवढेच. शिकागो किंवा टोरांटोला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा अनुभव आणखी वेगळा आहे. बाहेरच्या शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त पाच ग्रॅम बाष्प मावते. हीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापवली गेली की तिची आर्द्रता २६ टक्के होते. बाहेर हिमवृष्टी चालू असताना घरातल्या दांडीवर कपडे पुण्याच्या जानेवारीसारखे वाळतात आणि ओठही फुटतात.

हवेइतकाच कपड्याच्या जातीचाही प्रश्न आहे. सुताचा धागा पाण्याला आपलेसे करतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ‘कोरडे’ म्हणून मोजलेले सूतही आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी बाळगून असते. लोकरीत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पॉलिएस्टरच्या कपड्यात पाणी राहते ते केवळ धाग्यांच्या मधल्या जागेत. तेथून ते चटकन निघून जाते. सुती कपडा वाळताना सुरुवातीस वेग कायम असतो, कारण आतले पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागावर येत राहते. पुढे पृष्ठभाग कोरडा पडतो, आतील ओल बाहेर येण्यास वेळ लागतो आणि वेग मंदावतो. पँटचा कमरपट्टा, खिशांची अस्तरे आणि जाड शिवणी शेवटपर्यंत ओलसर राहतात त्या यामुळेच. जीन्सचे कापड सदऱ्याच्या कापडापेक्षा साधारण चौपट वजनी असते, म्हणजे तेवढ्याच पृष्ठभागातून चौपट पाणी बाहेर पडावे लागते. ती उलटी करून खिसे बाहेर काढून टांगली तर फरक पडतो.

पावसाळ्यात सुती कपडा कितीही वेळ टांगला तरी त्यातील पाणी एका मर्यादेखाली उतरत नाही. हवेची आर्द्रता वाढली की धाग्यातले पाणीही वाढते. पापड सादळतो तसा कपडाही सादळतो. समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या कपड्याची गत तर आणखी वाईट. पाणी उडाले तरी मीठ मागे राहते आणि हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन पुन्हा ओले होते. पावसाळ्यात चौपाटीवर भिजलेली पँट गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय वाळतच नाही, असे जे म्हणतात ते शब्दशः खरे आहे.

खरी अडचण उभी राहते ती कपडे घरात वाळवताना. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. २८ अंशांना तीत जास्तीत जास्त ९२५ ग्रॅम बाष्प मावते. पावसाळ्यात ८२ टक्के जागा आधीच भरलेली असते. उरते ती सुमारे १६५ ग्रॅमची. उलट चार जणांच्या कुटुंबाचे धुणे यंत्रात पिळून निघाले तरी त्यात दोन लिटर पाणी सहज असते. खोलीतील सगळी हवा संपूर्ण संपृक्त होऊन बाहेर गेली आणि तिच्या जागी बाहेरची हवा आली, असे किमान बारा वेळा घडले तरच हे पाणी घराबाहेर पडेल. खिडक्या बंद करून पंखा लावणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. पंखा पाणी घराबाहेर नेत नाही. तो ते कपड्यांतून काढून खोलीच्या हवेत आणि तेथून भिंतींत, गाद्यांत, पुस्तकांत पोचवतो. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात ते बुरशीचे. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्याचा उपद्रव होतो. समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावणे किंवा कपड्यांच्या खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे हे त्यामानाने स्वस्त उपाय. वातानुकूलन यंत्र कपडे वाळवते ते गारव्यामुळे नव्हे, तर हवेतील बाष्पाचे पाणी करून ते नळीवाटे बाहेर सोडते म्हणून. नळीखालची बादली पावसाळ्यात किती लवकर भरते ते पाहिले तर याची खात्री पटते.

पाणी उडवण्यापेक्षा पिळून काढणे केव्हाही स्वस्त, हेही येथेच सांगायला हवे. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास पाऊण युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. यंत्राच्या पिंपाने ते गरगर फिरवून बाहेर फेकण्यास याचा अगदी लहानसा अंश पुरतो. पावसाळ्यात धुणे यंत्रात दुसऱ्यांदा फिरवून घेण्याचा खर्च नगण्य आहे.

बाळंतिणीच्या घरी दुपटी आणि लंगोट वाळवण्यासाठी शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर कपडे पसरण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. साडेएकोणतीस अंशांची, ८२ टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४६ टक्क्यांवर येते. म्हणजे टोपलीखाली पावसाळ्यातून एकदम हिवाळ्यात आल्यासारखे होते. लोणारी कोळशाच्या ज्वलनातून पाण्याची वाफ फारशी निघत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. स्वयंपाकाच्या गॅसचे तसे नाही. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी बाष्परूपाने हवेत सोडतो. बंद स्वयंपाकघरात गॅसच्या आचेवर कपडे वाळवणारा जितके पाणी काढू पाहतो, त्यात स्वतःच भर घालत असतो. कपडा पेटण्याचा धोका वेगळाच. शेगडीचेही सगळे गुण घेता येत नाहीत. पेटत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो. बंद खोलीत झोपलेल्यांच्या तो जिवावर उठतो. जुनी घरे कौलारू आणि फटींची होती, तेथे जे चालून गेले ते आजच्या सरकत्या काचांच्या बंदिस्त खोलीत चालणार नाही.

वाळण्याचा वेग हा केवळ सोयीचा प्रश्न नसल्याचे त्या कुबट वासावरून दिसते. धुतल्यानंतरही कपड्यांत काही जिवाणू उरतात. कपडा लवकर वाळला तर त्यांची वाढ थांबते. ओल रेंगाळली तर ते धाग्यांत अडकलेल्या घामाच्या आणि त्वचेच्या स्निग्ध अंशांवर वाढतात. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वासाचे मुख्य कारण मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असल्याचे दाखवून दिले. तो कोरडेपणाही बऱ्यापैकी सोसतो. त्यामुळे एकदा वास बसलेला कपडा पुढे कडक उन्हात वाळवला तरी पुन्हा भिजताच तो वास परततो. अशा कपड्यावर अत्तर किंवा सुगंधी द्रव्य शिंपडणे निरुपयोगी. सोसवेल अशा कापडाला उकळत्या पाण्यात भिजवून काढणे हा परटाचा जुना उपाय अधिक परिणामकारक ठरतो. अर्धवट ओल्या कपड्यावर फिरवलेली इस्त्री पाण्याला थेट उष्णता देते, आणि शिवणींत, कमरपट्ट्यात राहिलेली शेवटची ओल काढण्यास तिच्याइतके सोपे साधन घरात दुसरे नाही. इस्त्री झाल्यावर मात्र कपडे लगेच घडी घालून कपाटात ठेवू नयेत. गरम कापडातील उरलेली वाफ निघून जाण्यास दहा-पंधरा मिनिटे पंख्याखाली मोकळे टांगणे पुरते.